लेझरने नंबर घालवताय? या चुका तपासणीच्या आधीच टाळा

लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, आणि मुलगी तपासणीला आली ती डोळ्यांत लेन्स घालूनच. ही नेहमी दिसणारी चूक. बाहुलीसमोरचा पारदर्शक घुमट म्हणजे पारपटल, आणि लेझर चालतो तो त्याच्यावर. रोजच्या लेन्सने त्याचा आकार तात्पुरता बदलतो. मग मापं चुकतात आणि लेझरही चुकीच्या मापांवर चालतो. मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि सेमीसॉफ्ट (कडक, पण हवा जाऊ देणाऱ्या) तीन-चार आठवडे बंद ठेवा. तरीही मापं स्थिर येत नसतील तर आणखी थांबा. लग्नात चष्मा दिसला तरी चालेल.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे खाज लपवणं. ‘डोळे चोळता का?’ असं विचारलं की ‘नाही’ हे उत्तर ठरलेलं, आणि शेजारी बसलेली आई मात्र मान हलवते. ॲलर्जी आणि सततचं चोळणं यांचा केरॅटोकोनसशी जवळचा संबंध आहे. या आजारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. सुरुवातीला तो नुसता नंबर वाढल्यासारखा वाटतो, विशेषतः सिलिंड्रिकल. लॅसिक म्हणजे पारपटलाचा वरचा पातळ पापुद्रा (फ्लॅप) उचलून त्याखाली लेझर चालवणं. अशा डोळ्यावर ते केलं तर उरलेलं पारपटल दाब सोसत नाही, फुगत जातं आणि चष्म्यानेही नीट दिसेनासं होतं. याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतरचा हा धोका 1998 मध्ये प्रथम वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. म्हणून पारपटलाच्या आकाराचा नकाशा काढणारी टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम तपासणी न करता कुणी तारीख देत असेल तर ती घेऊ नका. घरात कुणाला केरॅटोकोनस असेल तर न विचारताही सांगा.

‘माझ्या पारपटलाची जाडी 490 मायक्रॉन आहे, चालेल ना?’ नुसत्या जाडीवरून हे सांगता येत नाही. वजाबाकी करून पाहा. 490 मायक्रॉनमधून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फ्लॅपचे 110 गेले. उणे 9 नंबरासाठी, एका नंबराला साधारण 14 या हिशेबाने, 126 गेले. उरले 254. किमान मर्यादा 250 धरतात, पण बरेच सर्जन आता 300 च्या खाली जायला तयार नसतात. आणि जाडी 540 असली तरी नकाशात शंकू दिसला, तर ती जाडी काही कामाची नाही.

वय अठरा पूर्ण असावं आणि नंबर वर्षभर स्थिर असावा. गरोदरपण आणि स्तनपान संपू द्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, आमवात किंवा मधुमेह असेल, पूर्वी डोळ्यात नागीण झाली असेल, तर आधी सांगा. डोळे कोरडे असतील तर त्यावर आधी उपचार करून घ्या, कारण लॅसिकनंतर कोरडेपणा वाढतोच. मोठा उणे नंबर असेल तर बाहुली मोठी करून मागचा पडदाही तपासून घ्या. पडद्यावर छिद्रं असतील तर नंबर गेला तरी ती तशीच राहतात.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस झोपतानाही डोळ्यांवर कवच लावा. झोपेत हात गेला तर फ्लॅप सरकतो. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने लांबवू नका, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. पीआरके (फ्लॅप न काढता केलेलं लेझर) केलं असेल तर उन्हात गॉगलशिवाय जाऊ नका, ऊन लागून पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो.

जुना नंबर आणि पारपटलाची मापं असलेली फाइल फेकू नका. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आतल्या लेन्सचा नंबर काढायला तीच उपयोगी पडते.