मायक्रोआरएनएतील बदल आणि यकृताचा कर्करोग : शोधनिबंध कसा तपासावा

मायक्रोआरएनएच्या (इतर जनुकांचे काम आवरणाऱ्या आरएनएच्या छोट्या रेणूंच्या) जनुकातील एखाद्या बदलामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे सांगणारा शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाआधी तुलनेचा गट पाहावा. रुग्ण बहुतेक हेपॅटायटिस बीचे आणि तुलनेला मात्र निरोगी माणसे असतील, तर दिसलेला संबंध कर्करोगाशी आहे की विषाणूने शरीरात ठाण मांडण्याशी, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. ही शंका केवळ पुस्तकी नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात आरएस९९९८८५ या जागी (डीएनएमधील बदलाच्या ठिकाणाला दिलेला हा क्रमांक) जी हे डीएनएचे अक्षर असलेल्यांमध्ये संसर्ग कायम राहण्याची शक्यता कमी दिसली. पण ज्यांच्यात तो कायम राहिला, त्यांच्यापैकी जी असलेल्यांना कर्करोगाचा धोका अधिक होता. रुग्ण, विषाणूवाहक आणि संसर्गातून आपोआप मुक्त झालेले असे तीन गट वेगळे ठेवल्यामुळेच हे उघड झाले.

त्यानंतर अक्षरे तपासावीत. मिआर-१४६ए या मायक्रोआरएनएमधील आरएस२९१०१६४ या जागी जी असल्यास पूर्वरेणूच्या (पक्व रेणू ज्यातून कापून निघतो त्या लांब रेणूच्या) देठात समोरच्या यू या आरएनएच्या अक्षराशी जोडी जमते. सी आल्यास ती मोडते आणि पक्व रेणू कमी तयार होतो. अडचण अशी की डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावरून वाचल्यास जीचा सी आणि सीचा जी होतो, म्हणजे धाग्यांची गल्लत झाली असेल तर नुसत्या अक्षरांवरून ती चूक पकडता येत नाही. पूर्व आशियात सी अधिक आढळतो, तर युरोपीय वंशाच्या लोकांत जी. त्यामुळे तुलनेच्या गटातील प्रमाण या माहितीशी ताडून पाहावे.

हार्डी-वाइनबर्गचा हिशेब, म्हणजे अक्षरांच्या प्रमाणावरून आई-वडिलांकडून आलेल्या अक्षरांच्या जोड्या किती जणांत अपेक्षित आहेत हे काढणे, स्वतः करावा. समजा, तुलनेच्या ५०० जणांत जीचे प्रमाण ०.४ आहे, तर जीजी ८०, जीसी २४० आणि सीसी १८० अपेक्षित आहेत. जीसी १८० च भरले, तर आधी प्रयोगशाळेतील वाचनावर संशय घ्यावा.

शेवटी धोक्याच्या आकड्यामागची व्याप्ती, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांमध्ये असू शकतो त्या, पाहावी. आरएस२९१०१६४ वरच्या २००८ च्या एका चिनी अभ्यासात जीजी असलेल्या पुरुषांचा यकृताच्या कर्करोगासाठीचा ऑड्स रेशो (दोन गटांतील शक्यतांचे गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) सीसीच्या तुलनेत सुमारे २ आला. त्याची ९५ टक्के व्याप्ती मात्र १.०६ ते ३.८५ होती. खालचे टोक १ ला जवळजवळ टेकलेले असताना आणि आकडा केवळ पुरुषांच्या उपगटाचा असताना, असा उपगट आधीच ठरवला होता का, हे पद्धतीच्या विभागात शोधावे. तिथे तसा उल्लेख नसेल, तर त्या आकड्याकडे पुढील तपासणीसाठीचा अंदाज म्हणूनच पाहावे.