शेडमध्ये ससा अचानक मेला तर

मोहोळजवळच्या माझ्या शेडमध्ये एप्रिलात ससा मेला की पहिला संशय उन्हावरच जातो. आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि सशाला ३५ अंशांतच धाप लागते. पण आदल्या रात्री नीट लसूणघास खाल्लेली मादी पहाटेच्या गारव्यात मरून पडली, नाकाशी रक्त दिसलं, तर रक्तस्रावी विषाणूरोग समजूनच वागा. १९८४ मध्ये तो चीनमध्ये पहिल्यांदा आढळला. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात, आणि पुष्कळदा लक्षण न दिसताच जनावर जातं.

मेलेला ससा दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवा, पशुवैद्यकांना बोलवा, शवविच्छेदन करून घ्या. कुत्र्यापुढे अजिबात टाकू नका. मेलेल्या सशात हा विषाणू कित्येक महिने टिकतो. पिंजऱ्यातल्या लेंड्या आधी खरवडून धुवा, घाणीवर ब्लीच वाया जातं. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या.

नवा ससा तीस दिवस वेगळा, त्याला चारा शेवटी, चपलाही वेगळ्या. मी एकदा विकत आणलेला नर त्याच दिवशी आत सोडला. आठवड्यात अकरा पिल्लं गेली, अजून जीव तुटतो.