क्युप्रेट सुपरकंडक्टरचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा, आणि आधी ऑक्सिजन किती ते विचारा

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला ते १९८७ साल, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये वायबीसीओ म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड ९० केल्विनच्या वरच्या तापमानालासुद्धा सुपरकंडक्टिंग होतं, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स शून्य होतो, हा पेपर छापून आला. कॉपर-ऑक्सिजनचे थर असलेल्या अशा पदार्थांना क्युप्रेट म्हणतात. आदल्या वर्षी झुरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी लँथॅनमवाल्या कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटीची चाहूल दाखवली होती, त्यांना १९८७ चं नोबेलही मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत वायबीसीओ कॉलेजच्या साध्या फर्नेसमध्ये बनवता येतो म्हणून एमएस्सीच्या मुलांचा लाडका आहे. ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, असो नाहीतर फोंडा-म्हापशाच्या कॉलेजात, प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की कोणीतरी वायबीसीओ घेतोच. घ्याच, माझं तर म्हणणं आहे की घ्याच. पण रिपोर्ट वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकच असतं: ह्या पदार्थात होल किती आहेत हे न विचारताच पुढचं सगळं बोललं जातं.

होल म्हणजे कॉपर-ऑक्सिजनच्या सपाट थरातून इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर उरलेली रिकामी जागा. दर कॉपरमागे किती काढले त्या आकड्याला पी म्हणतात. पी शून्य असेल तर पदार्थ इन्सुलेटर, साधारण ०.०५ च्या पुढे सुपरकंडक्टर, ०.१६ च्या आसपास टीसी (ज्या तापमानाखाली पदार्थ सुपरकंडक्टर होतो ते) सगळ्यात जास्त, आणि ०.२७ च्या पुढे परत काही नाही, नुसता धातू. म्हणजे पदार्थ तोच, नाव तेच, फक्त पी बदलला की वागणूक पूर्ण वेगळी. वायबीसीओमध्ये हा पी ठरवतो ऑक्सिजन. फॉर्म्युल्यात ऑक्सिजन ६.९३ च्या जवळ असेल तर टीसी ९० च्या वर, ६.६ च्या आसपास ६० केल्विन, आणि ६.३५ च्या खाली गेला की सुपरकंडक्टिव्हिटी संपली. तरीही रिपोर्टच्या पहिल्या पानावर "आम्ही वायबीसीओ बनवला" एवढंच लिहिलेलं असतं. कुठला वायबीसीओ? आयोडोमेट्रिक टायट्रेशन करायला महागडं मशीन लागत नाही, केमिस्ट्रीवाल्यांकडे ब्युरेट असतेच, एक दिवस त्यांच्याकडे जाऊन बसा आणि ऑक्सिजनचा आकडा काढा.

आता पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती, बनवतानाच्या गोष्टी. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड घोटून ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला भाजतात (बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क आणि ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय हात लावू नका). एकदाच घोटून भाजलं तर कार्बोनेट पूर्ण सुटत नाही आणि मध्ये मध्ये हिरवे ठिपके दिसतात. ती दुसरी फेज, म्हणजे वेगळ्याच रचनेचा पदार्थ, इन्सुलेटर, तिचा सुपरकंडक्टिव्हिटीशी संबंध नाही. पुन्हा घोटा, पुन्हा भाजा, पेलेट काळी कुळकुळीत दिसेपर्यंत. पण खरी चूक होते नंतर. ९५० अंशाला सिंटरिंग (दाबलेली पेलेट भाजून घट्ट करणं) झालं की घाई करून फर्नेस बंद करतात आणि पेलेट लवकर थंड करतात. त्या तापमानाला पदार्थाची रचना टेट्रागोनल (चौरस तळाची) असते आणि ऑक्सिजन कमी असतो. साधारण ७०० अंशांच्या खाली आल्यावरच ऑक्सिजन आत शिरून कॉपरच्या साखळ्या पूर्ण करायला लागतो आणि रचना ऑर्थोऱ्होंबिक (तिन्ही बाजू वेगळ्या) होते. म्हणून ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात ऑक्सिजन सोडत ठेवून पेलेट तासन् तास तशीच राहू द्यायची असते. जून-ऑक्टोबरात गडगडाट झाला की करंट जातो आणि फर्नेस मध्येच थंड होते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तसं झालं तर पेलेट टाकून देऊ नका, ऑक्सिजनमध्ये परत ५०० ला नेऊन हळूहळू खाली आणा, बहुतेक वेळा जमून जातं.

दुसरा शत्रू आपली हवा. वायबीसीओ पाण्याबरोबर रिॲक्ट होतं, बेरियम सुटून हायड्रॉक्साइड बनतं आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट, वरती पांढरट थर दिसतो तो हाच. पुण्याला किंवा कोरड्या गावात पेलेट टेबलावर राहिली तर कदाचित चालूनही जाईल, पण गोव्यात चवथीच्या सुट्टीला जाताना पेलेट उघडी ठेवून गेलात तर आल्यावर आधीची रीडिंग परत मिळतील अशी अपेक्षा धरू नका. डेसिकेटरमध्ये ठेवा, सिलिका जेल निळं आहे की गुलाबी झालंय ते बघत जा. आणि एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते: डेमोसाठी लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड करून काढलेली पेलेट दमट हवेत धरली की तिच्यावर पाणी जमतं, म्हणजे प्रत्येक डेमोनंतर तुम्ही तिला आंघोळ घालताय. काढल्या काढल्या झिप पाऊचमध्ये टाका, नायट्रोजनच्या कोरड्या वाफेतच गरम होऊ द्या, मग बाहेर काढा.

लिक्विड नायट्रोजनचा विषय निघालाच आहे तर सांगते, डेवर (तो ठेवायचं थर्माससारखं भांडं) गाडीत घालून काचा बंद करून एसी लावून कधीच आणू नका. एक लिटर लिक्विडचा जवळजवळ सातशे लिटर गॅस होतो, त्याला वास नाही रंग नाही, ऑक्सिजन कमी झालाय हे कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

मेजरमेंटमध्ये टू-प्रोब (करंट आणि व्होल्टेजला त्याच दोन वायरी) लावून "रेझिस्टन्स शून्य झाला नाही" म्हणणारे अजून आहेत. सुपरकंडक्टरचा रेझिस्टन्स शून्य झाला तरी तुमच्या वायरी आणि सिल्व्हर पेस्टचे कॉन्टॅक्ट शून्य होत नाहीत, फोर-प्रोबच लावा, म्हणजे करंटला दोन वायरी आणि व्होल्टेजला वेगळ्या दोन. करंट उलटा करून दोन्ही रीडिंगचा फरक घ्या, म्हणजे तापमानातल्या फरकामुळे वायरींमध्ये तयार होणारं व्होल्टेज निघून जातं. थर्मामीटर पेलेटला चिकटलेला हवा. थंड करताना आणि गरम करताना टीसी वेगळा येत असेल तर पदार्थात काही नवीन सापडलेलं नाही, थर्मामीटर मागे पडतोय, वेग कमी करा.

ट्रान्झिशन दोन टप्प्यांत येतंय, आधी मोठा उतार आणि मग खाली लांब शेपूट? लगेच "दोन फेज आहेत" असं लिहू नका. पेलेट म्हणजे बारीक दाणे एकत्र दाबलेले. आधी दाणे सुपरकंडक्टिंग होतात, मग दाण्यांमधले जोड. क्युप्रेटमध्ये कोहेरन्स लेंग्थ (सुपरकंडक्टिव्हिटी आणणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोडीचा साधारण आकार) थरातसुद्धा दीड-दोन नॅनोमीटरच असते, त्यामुळे दोन दाण्यांच्या मधली वाकडीतिकडी सीमासुद्धा अडथळा होते. दाण्यांमधला कोन वाढला की जोड किती भराभर कमजोर होतो हे आयबीएमच्याच लोकांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं. करंट कमी करून परत मोजा. शेपूट आखडलं तर दोष जोडांचा, नाहीच आखडलं तर मग फेज तपासायला एक्स-रे करा.

चुंबक तरंगला की सगळे "माइस्नर इफेक्ट" म्हणून फोटो टाकतात. आधी पेलेट थंड करून मग चुंबक वर आणलात तर नुसता आदर्श कंडक्टरसुद्धा त्याला ढकलेल. आणि चुंबक बाजूला सरकवला तरी जागेवर अडकून राहतो ते फ्लक्स पिनिंग, म्हणजे चुंबकीय रेषा पदार्थातल्या दोषांत अडकणं. माइस्नर दाखवायचा असेल तर चुंबक गरम पेलेटवर ठेवा आणि मग थंड करा, टीसीच्या खाली जाताना तो आपणहून वर उचलला गेला तर ते फील्ड बाहेर फेकलं जातंय.

आता ग्राफ वाचायच्या चुका, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. पहिली चूक म्हणजे ह्याला साधा धातू समजणं. डोपिंग न केलेल्या, म्हणजे होल न घातलेल्या, लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये प्रत्येक कॉपरवर एक जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असतो, पुस्तकातली बँड थिअरी लावली तर तो धातूच यायला हवा. येतो इन्सुलेटर, साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टची गॅप असलेला, वर ३२५ केल्विनच्या आसपासपर्यंत अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे शेजारशेजारचे स्पिन उलटसुलट. कारण प्रत्येक खुर्चीवर एक जण बसलाय आणि कुणाच्या मांडीवर बसायला कोणी तयार नाही, त्यामुळे कोणीच हलत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात ही गोष्ट बाजूला ठेवून काढलेलं प्रत्येक गणित इथे फसतं. नुसतं "मॉट इन्सुलेटर" (अशा टाळाटाळीमुळे झालेला इन्सुलेटर) लिहून थांबणं पण अर्धवट आहे, कारण डोपिंग केल्यावर येणारे होल मुख्यतः ऑक्सिजनवर बसतात, कॉपरवर नाही, म्हणून ह्याला चार्ज-ट्रान्सफर इन्सुलेटर म्हणतात.

दुसरी: टीसीपासून पी काढायचं एक सोपं सूत्र आहे, टीसी भागिले कमाल टीसी बरोबर १ वजा ८२.६ गुणिले पी वजा ०.१६ चा वर्ग. मुलं ह्या सूत्राने पी काढतात, मग टीसी आणि पीचा ग्राफ काढतात आणि लिहितात की सुंदर घुमट मिळाला! घुमट मिळणारच, तोच तर आत घातला होता. पी स्वतंत्रपणे काढा. आणि पी १/८ च्या जवळ असेल तर हे सूत्र तसंही नीट बसत नाही, तिथे इलेक्ट्रॉनांची पट्टेदार रचना तयार होते जी टीसी खाली ओढते. १९९५ मध्ये न्यूट्रॉन स्कॅटरिंगने हे पट्टे दाखवले गेले. लँथॅनम-स्ट्रॉन्शियमवाल्यात पी म्हणजे सरळ स्ट्रॉन्शियमचं प्रमाण, पण वायबीसीओमध्ये काही होल साखळ्यांमध्ये अडकतात म्हणून ऑक्सिजनचा आकडा तसाच उचलून पी म्हणून लिहायचा नाही.

तिसरी फार होते. रेझिस्टिव्हिटी तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते हे बघून "फोनॉनमुळे, तांब्यासारखं" असं लिहितात (फोनॉन म्हणजे अणूंच्या थरथरीच्या लहरी). तांब्यातली रेषा खाली थंड होताना वाकते, कारण फोनॉन गोठतात. पण कमी टीसीच्या बिस्मथवाल्या क्युप्रेटमध्ये ही रेषा १० केल्विनच्या आसपासपासून ७०० केल्विनपर्यंत सरळ जाते, आणि लँथॅनमवाल्यात १००० केल्विनपर्यंत, जिथे दोन टकरींमधलं अंतर अणूंच्या अंतराएवढं कमी झालेलं असतं आणि रेषा सपाट व्हायला हवी होती. ह्यालाच स्ट्रेंज मेटल म्हणतात. उलट, ऑक्सिजन कमी असलेल्या पेलेटमध्ये टीसीच्या बऱ्याच वर, कधी दोनशे केल्विनला, रेषा हळूच खाली वाकते, आणि मुलं कॉन्टॅक्ट खराब झाले म्हणून डेटा फेकतात. थांबा! ते स्यूडोगॅपचं लक्षण असू शकतं, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी यायच्या आधीच काही इलेक्ट्रॉन गायब होऊ लागलेत. एनएमआरने (अणुकेंद्रांचं चुंबकत्व मोजण्याची पद्धत) हे १९८९ मध्येच दिसलं होतं. कॉन्टॅक्ट बदलून दुसऱ्यांदा मोजा, वाकण तिथेच आलं तर ते जपून ठेवा. आणि खाली टीसीच्या आधी रेझिस्टन्स वर उसळत असेल तर मात्र आधी ऑक्सिजन परत मोजा.

हॉल व्होल्टेजवरून (चुंबकीय फील्डमध्ये करंटला आडवं येणारं व्होल्टेज) हॉल कोएफिशंट आरएच काढायचा आणि एक भागिले आरएच गुणिले ई करून कॅरिअर, म्हणजे करंट वाहणारे कण, मोजायचे हेसुद्धा असंच धोक्याचं. क्युप्रेटमध्ये आरएच तापमानाबरोबर बदलतो, मग कुठल्या तापमानाचा आकडा घेतला? २०१६ मध्ये वायबीसीओवर फार मोठं फील्ड लावून सुपरकंडक्टिव्हिटी दाबून मोजलं तेव्हा कॅरिअरची संख्या स्यूडोगॅप संपतो तिथे पीवरून १ अधिक पीकडे चढत जाते असं दिसलं, आणि १/८ च्या जवळ तर आरएच चक्क निगेटिव्ह होतो. खोलीच्या तापमानाला घेतलेल्या एका रीडिंगवरून ह्यातलं काही दिसणार नाही.

गॅपबद्दल एक, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेबद्दल. "वायबीसीओचा गॅप इतके मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट" असा एकच आकडा लिहून त्यावर पाठ्यपुस्तकातलं बीसीएसचं (साध्या सुपरकंडक्टरची थिअरी) गुणोत्तर लावू नका. इथला गॅप डी-वेव्ह आहे, दिशेप्रमाणे बदलतो आणि कर्णांवर शून्य होतो. म्हणूनच पेनिट्रेशन डेप्थ (चुंबकीय फील्ड किती आत शिरतं ती खोली) कमी तापमानाला सरळ रेषेत वाढते, एक्स्पोनेन्शियल नाही. १९९४ मध्ये त्सुएई आणि कर्टली यांनी तीन क्रिस्टलांच्या सांध्यावर अर्धा फ्लक्स क्वांटम (चुंबकीय फ्लक्सच्या सगळ्यात लहान पुडीचा अर्धा भाग) पकडला, डी-वेव्हचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

व्हॉट्सॲपवर "रूम टेंपरेचर सुपरकंडक्टर" आला की २०२३ चं एलके-९९ आठवा. त्यात तांबं होतं म्हणून काहींनी त्याला क्युप्रेटच म्हटलं, पण तो लेड ॲपेटाइट होता, कॉपर-ऑक्सिजनचे थरच नव्हते, आणि १०४ अंश सेल्सिअसला रेझिस्टन्स पडायचा तो आत राहिलेल्या कॉपर सल्फाइडची रचना बदलते म्हणून. साध्या दाबाखाली क्युप्रेटचा बरीच वर्षं टिकलेला विक्रम पाऱ्यावाल्याचा, १३५ केल्विनच्या जवळपास, म्हणजे उणे १३८ अंश सेल्सिअस.

शेवटी व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न, सुपरकंडक्टिव्हिटी आणणारी इलेक्ट्रॉनांची जोडी कशामुळे बनते? "फोनॉन" म्हणालात तर चूक, "चुंबकत्व, सिद्ध झालंय" म्हणालात तरी चूक. १९८७ मध्ये अँडरसन, आणि त्यांच्यासोबत आपले जी. बास्करन, यांनी इलेक्ट्रॉनांमधल्या ढकलाढकलीतूनच जोडी निघते असा विचार मांडला आणि आजही बरेच जण स्पिनच्याच, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाच्याच, बाजूने आहेत, पण ऑक्सिजनचा आयसोटोप (तोच अणू, वजन वेगळं, म्हणून फोनॉन बदलतात) बदलल्यावर टीसी किती बदलतो ते बघा: सगळ्यात जास्त टीसी असलेल्या पेलेटमध्ये जवळजवळ काहीच नाही, होल कमी केले की तोच परिणाम मोठा होतो. म्हणजे ह्या प्रश्नालासुद्धा परीक्षकांना उलट विचारायला हरकत नाही, की सर, पी किती धरायचा?