पणजोबा इंग्रजांच्या पोलिसात होते? बेळगाव भागातली नोंद अशी शोधा

घरात 'पणजोबा पोलिसात होते' एवढीच आठवण असते. शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवा: पगार होता की वतन?

पाटील, शेतसनदी, वालीकार ही गावची पोलीस. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्यांच्यावर ताबा जिल्हा मॅजिस्ट्रेटचा, म्हणजे कलेक्टरचाच. मोबदला मुख्यतः वतन-इनामाचा. यांची नावे पोलीस खात्याच्या पटावर सापडत नाहीत. सातबाऱ्यावर जुन्या वतनाचा मागमूस असेल तर एस.पी. कचेरीत खेटे घालू नका, तालुक्याच्या महसूल दप्तरात वतनाचे कागद मागा. बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

पगारी शिपाई, नाईक, हवालदार, जमादार यांच्यावर युरोपियन सुपरिंटेंडेंट. 'फौजदार' शब्दाला मात्र जपा. एकोणिसाव्या शतकात तो चीफ कॉन्स्टेबल; १९०२-०३ च्या पोलीस कमिशननंतर सब-इन्स्पेक्टर. दोन्ही पदनामांनी शोधा. आणि 'पलटणीत होते' असे कोणी सांगत असेल तर ते पोलीस नसून मराठा लाइट इन्फंट्रीही असू शकते. त्या पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड (२१ वा, १८८४) आधी चाळा. न्यायाच्या प्रकरणात पोलिसांचे संख्याबळ आणि खर्च मिळतो, शिपायांची नावे नाहीत. सरकारी तक्त्यांत जातीच्या रकान्यात 'परदेशी' दिसले की इंग्लंड आठवू नका. तो उत्तर हिंदुस्थानातून आलेला हिंदू. 'मराठा' हा शब्द जातीसाठी आहे की भाषेसाठी, हे शेजारचे रकाने पाहून ठरवा.

तालुक्यांची नावे जुनी घ्या. बैलहोंगल शोधून हाती काही लागणार नाही, 'संपगाव' शोधा, सौंदत्तीसाठी 'परसगड', निपाणी चिकोडीत. रायबाग तर कोल्हापूर संस्थानात होते, म्हणजे तिथला शिपाई दरबारचा. त्याचे कागद कोल्हापूर पुराभिलेखागारात पाहावेत.

जुने कागद मोडीत किंवा कन्नडात असू शकतात, म्हणून मोडी वाचक आधी गाठा. आडनावावर विसंबू नका. नाव, बापाचे नाव आणि गाव अशी तिन्ही जुळवा.

शेवटी, १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, त्यामुळे दप्तरही एका जागी नाही. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईचे पुराभिलेखागार (पोलिसांचा विषय तिथे 'ज्युडिशियल डिपार्टमेंट'च्या खंडांत असतो), जिल्हा कचेरीच्या कागदांसाठी बेळगाव आणि कर्नाटक राज्य पुराभिलेखागार. अर्जात साल, तालुका आणि पद लिहा. नुसत्या नावावर कारकून दप्तर काढून देत नाही.