इलेक्ट्रिक सायकलची वेगमर्यादा काढण्याआधी आणि काढताना

वेगमर्यादा काढण्याचे प्रत्यक्ष काम बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींवर दहा-पंधरा मिनिटांत उरकते. ती मर्यादा नेमकी कशामुळे आहे हे शोधायला मात्र त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो न दिल्यामुळेच अनेकांच्या पदरी निराशा येते: सेटिंग बदलले, आकडा १०० वर नेला, तरी सायकल ताशी २७-२८ किलोमीटरच्या पुढे सरकत नाही. याचे कारण असे की मोटरचे साहाय्य दोन वेगळ्या गोष्टींनी अडते. एक म्हणजे कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची हे ठरवणाऱ्या पेटीला, कारखान्यात दिलेली आज्ञा, जी ठरावीक वेगाला मोटरचा विद्युतप्रवाह तोडते. दुसरी म्हणजे मोटरची वेटोळी आणि बॅटरीचा व्होल्टेज यांतून येणारी मोटरची स्वतःची मर्यादा. पहिली काढता येते. दुसरीसाठी सुटे भाग बदलावे लागतात.

हत्यारे हातात घेण्यापूर्वी कायद्याचा विचार करावा लागतो, कारण आपले वाहन सायकल उरते की नाही हे बहुतेक ठिकाणी याच आकड्यावर ठरते. युरोपीय संघात मोटरची अखंड शक्ती २५० वॉटपर्यंत आणि साहाय्य ताशी २५ किलोमीटरला थांबणारे असेल, तरच तिला सायकलचा दर्जा मिळतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तीन वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांत साहाय्य ताशी २० मैलांना, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरला थांबते आणि तिसऱ्यात २८ मैलांना, म्हणजे ४५ किलोमीटरला. जपानमध्ये ते ताशी १० किलोमीटरनंतर टप्प्याटप्प्याने कमी होत २४ ला शून्यावर येते. भारतात २५० वॉटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे, वजन व ब्रेकविषयीच्या ठरलेल्या अटी पाळणारे वाहन मोटार वाहनांच्या नियमांतून वगळलेले आहे. ही चौकट ओलांडलेली सायकल सार्वजनिक रस्त्यावर आणली, तर ती नोंदणी व विमा नसलेले मोटार वाहन ठरू शकते आणि अपघात झाल्यास भरपाईचा भार चालवणाऱ्यावर येऊ शकतो. फ्रान्समध्ये तर २०१९ च्या कायद्याने अशा फेरफाराला एक वर्षापर्यंत कैद आणि ३० हजार युरोपर्यंत दंड ठेवला आहे. पुढील सर्व कृती म्हणूनच खासगी जागेत चालवायच्या सायकलीसाठी, किंवा जिथे कायद्याची मर्यादा कारखान्याने घातलेल्या मर्यादेपेक्षा वरची आहे अशा ठिकाणासाठी आहेत. २५ वर बांधलेली सायकल ३२ ची परवानगी असलेल्या प्रदेशात आली, तर तिची मर्यादा ३२ पर्यंत वाढवण्यात गैर काहीच नाही. वॉरंटी मात्र दोन्ही परिस्थितींत संपली असे धरूनच चालावे.

आता शोध. सायकलला हब मोटर असेल, म्हणजे मोटर चाकाच्या मध्यभागी असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करावी, मोटरचे चाक जमिनीवरून उचलून सायकल पक्क्या स्टँडवर ठेवावी, साहाय्याची सर्वांत वरची पातळी निवडावी आणि पेडल फिरवून किंवा थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी मूठ) देऊन डिस्प्लेवरचा सर्वाधिक वेग टिपून ठेवावा. हे करताना बोटे, कपडे आणि केस आऱ्यांपासून दूर असावेत; ओझे नसलेले चाक क्षणार्धात वेग घेते. मग बॅटरी निम्मी उतरल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी. दोन्ही वेळा आकडा २५ वर एकाच जागी अडत असेल, तर अडसर कंट्रोलरच्या आज्ञेचा आहे. पहिल्या वेळी ३३ आणि दुसऱ्या वेळी २८-२९ असा फरक दिसला, तर तो मोटरचा आपला वेग आहे, कारण मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात आणि ३६ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना ४२ व्होल्ट देते, तर निम्म्यावर ३६-३७ च्या आसपास असते. रस्त्यावर, माणसाचे वजन आणि वारा सोसताना, या मोकळ्या वेगाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच हाती लागतात हेही हिशोबात धरावे. मोटर पेडलच्या आसाजवळ असेल तर ही चाचणी फारशी उपयोगी नाही. तिथे वेग गिअर आणि पेडलच्या फेऱ्यांवर ठरतो, आणि २५ ला मोटर एकदम गप्प होते का, एवढे चालवून पाहणे पुरते.

अडसर आज्ञेचा निघाला, तर पहिली जागा डिस्प्लेची. बहुतेक साध्या डिस्प्लेंवर अधिक आणि उणे ही दोन बटणे एकत्र काही सेकंद दाबून धरली की आतली यादी उघडते. एका फार प्रचलित प्रकारात या यादीतील नोंदींना पी-०१, पी-०२ असे क्रमांक असतात. त्यात पी-०६ म्हणजे चाकाचा व्यास, पी-०७ म्हणजे वेग मोजण्यासाठी धरलेली चुंबकांची संख्या, पी-०८ म्हणजे वेगमर्यादा आणि पी-१४ म्हणजे कंट्रोलरच्या प्रवाहाची मर्यादा. पी-०८ मध्ये १०० हा आकडा ठेवला की मर्यादा नाही असा अर्थ होतो. आपल्या डिस्प्लेचे क्रमांक वेगळे असू शकतात, म्हणून त्याच डिस्प्लेची पुस्तिका समोर ठेवूनच हात लावावा आणि काहीही बदलण्याआधी प्रत्येक नोंदीचे छायाचित्र काढून ठेवावे. हे सांगणे किरकोळ वाटेल, पण चुकून बॅटरीच्या व्होल्टेजची किंवा पेडल-सेन्सरच्या चुंबकांची नोंद बदलली गेली आणि मूळ आकडा आठवत नसला, की सायकल चालूच होत नाही आणि दोष मोटरमध्ये शोधला जातो. प्रवाहाच्या नोंदीला हात न लावणे उत्तम. तिचा वेगमर्यादेशी संबंध नाही, आणि ती वाढवली की बॅटरीवर थेट ताण येतो.

यादीत वेगमर्यादेची नोंदच नसेल, किंवा ती २५ च्या वर जायला नकार देत असेल, तर कंट्रोलर पाहावा. अनेक स्वस्त कंट्रोलरांतून एक छोटी वायर निघून परत त्याच कंट्रोलरात जाते आणि मध्ये एक कनेक्टर असतो. तो जोडलेला असताना मर्यादा लागू राहते, सोडवला की उठते. या वायरीचा रंग बऱ्याचदा पांढरा असतो, पण केवळ रंगावर विसंबू नये, कारण स्वयंशिक्षणाची म्हणजे मोटरची दिशा ओळखण्याची वायरही तशीच दिसते आणि ती जोडली की चाक आपोआप फिरू लागते. बॅटरी काढून, बटण दाबून उरलेला भार निचरून टाकल्यावरच कनेक्टर सोडवावा. वायर कापू नये. परत जोडता यायला हवी.

चाकाचा व्यास खोटा सांगण्याची जुनी युक्तीही याच टप्प्यात येते. चाक २८ इंची असताना डिस्प्लेला २४ सांगितले, तर त्याच्या हिशोबाने २५ होईपर्यंत खरा वेग २९ झालेला असतो. युक्ती चालते, पण डिस्प्लेवरचा वेग आणि एकूण अंतर दोन्ही कायमचे खोटे होतात, आणि देखभालीचे किलोमीटर मोजणाऱ्याला ते त्रासाचे ठरते. दुसरा काही उपाय नसेल तरच ती वापरावी.

पेडलच्या आसावरच्या मोटरांचे जग वेगळे आहे. बाफांग या कंपनीच्या, साध्या सायकलीला बसवून घ्यायच्या मोटरींना संगणकाशी जोडायची केबल मिळते आणि तिच्यातून वेगमर्यादेची नोंद उघडपणे बदलता येते. बॉश, शिमानो, यामाहा यांच्या प्रणाली मात्र बंद असतात. त्यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या डब्या मागच्या चाकावरच्या चुंबकाचा संदेश मध्येच पकडतात आणि मोटरला निम्मा वेग कळवतात. पूर्वी काही जण वेगाचा सेन्सर आऱ्यांवरून काढून क्रँकजवळ, म्हणजे पेडलच्या दांडीजवळ, नेत असत. मिनिटाला ६० ते ९० पेडल मारणाऱ्याचा वेग मग मोटरला ८ ते १२ किलोमीटर एवढाच दिसे. युरोपीय मानक ईएन १५१९४ च्या २०१७ च्या आवृत्तीने फेरफाररोधक उपाय बंधनकारक केल्यापासून या प्रणाली पेडलचे फेरे, मोटरची शक्ती आणि चाकाचा वेग यांचा मेळ तपासतात. मेळ बसला नाही की चूक नोंदवून साहाय्य घटवतात, आणि ती नोंद विक्रेत्याच्या संगणकावर दिसते. महाग सायकलीत अशी डबी बसवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अधिक वेग खरोखरच हवा असेल, तर ४५ च्या वर्गातली, नोंदणी होऊ शकणारी सायकल घेणे शेवटी स्वस्त पडते.

मर्यादा उठल्यावर किती मिळेल, याचा हिशोब करणे सोपे आहे आणि तो करावाच. वाऱ्याचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताठ बसणारा माणूस आणि सायकल मिळून सुमारे १०५ किलो धरले, तर सपाट रस्त्यावर २५ च्या वेगाला साधारण १७५ ते १८० वॉट लागतात, ३५ ला ४१० च्या आसपास आणि ४५ ला ८०० च्या आसपास. माणूस यांपैकी १०० वॉट देत असेल, तर ३५ ला मोटरकडून ३०० हून थोडे अधिक हवेत. मोटर व कंट्रोलरमधील घट धरून ३६ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ११ ॲम्पिअर. सामान्य १५ ॲम्पिअरच्या कंट्रोलरला हे जमते. ४५ साठी हाच आकडा २४ वर जातो आणि तिथे तो कंट्रोलर हात टेकतो. म्हणजे डिस्प्लेवर मर्यादा १०० ठेवली, तरी २५० वॉटच्या गटातली सायकल ३० ते ३५ मध्येच स्थिरावते. एका किलोमीटरला लागणारी ऊर्जा २५ ला ७ वॉट-तास असेल, तर ३५ ला ती १२ च्या जवळ जाते. माणसाचा वाटा त्याच प्रमाणात राहिला, तर पूर्वी ६० किलोमीटर जाणारी बॅटरी ३५ ते ३७ किलोमीटरवर येते. माझ्या मते मर्यादा ३० किंवा ३२ वर ठेवणे हा सर्वांत समंजस आकडा आहे: रखडल्यासारखे वाटत नाही आणि बॅटरीही संध्याकाळपर्यंत टिकते.

ज्यांच्या सायकलीत मोटरची स्वतःची मर्यादा निघाली, त्यांना व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. ३६ च्या जागी ४८ व्होल्टची बॅटरी लावली की मोकळा वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो हे खरे. पण ४८ ची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट असते, आणि ३६ च्या अनेक कंट्रोलरांत ५० व्होल्टपर्यंतचेच कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) असतात, ते फुटतात. कपॅसिटर ६३ व्होल्टचे निघाले तरी दुसरी अडचण उरते: ३६ चा कंट्रोलर ३० व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडतो, तर ४८ ची बॅटरी ४० च्या आसपासच तोडली जायला हवी. तिचे रक्षण मग केवळ तिच्या स्वतःच्या बीएमएसवर, म्हणजे बॅटरीतल्या रक्षक सर्किटवर, राहते. बॅटरीबरोबर कंट्रोलर आणि डिस्प्लेही त्याच व्होल्टेजचे घ्यावेत, आणि मोटरच्या आसाला टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी धातूची पट्टी) बसवावा, नाहीतर वाढलेल्या जोराने आस फ्रेमच्या खाचेत फिरून वायरी पिळून तुटतात.

ब्रेकांकडे वळू. २५ वरून ३५ ला गेल्यावर सायकलीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि बऱ्यापैकी ब्रेक धरले, तर २५ ला थांबायला साधारण १२ मीटर लागतात, ३५ ला १९. ब्रेक पॅड अर्धे झिजले असतील तर आधी ते बदलावेत. यांत्रिक डिस्क असेल तर केबल नवी घालावी. ब्रेकच्या दांड्यांत मोटर तोडणारा स्विच असेल तर तो चालतो का, हे चाक उचलून तपासावे. गिअरचाही विचार हवा: पुढे ४२ आणि मागे १४ दाते असतील, तर ३५ च्या वेगाला मिनिटाला ८८ पेडल मारावी लागतात. फेरे नुसते ओळखणाऱ्या साध्या सेन्सरवर पाय हलके फिरवूनही मोटर चालत राहते, पण जोर मोजणाऱ्या सेन्सरवर पायांनी जोर लावलाच नाही तर साहाय्यही येत नाही.

पहिली फेरी रिकाम्या, सपाट, कोरड्या जागेत आणि हेल्मेट घालूनच घ्यावी. मर्यादा एकदम न उठवता आधी २८, मग ३२ अशी चढवावी आणि प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे चालवून थांबावे. मोटरच्या आवरणाला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक, तळहात टेकवून ठेवता येत नसेल तर आकडा खाली आणावा. कंट्रोलरजवळच्या जाड वायरींचे कनेक्टर गरम झाले आहेत का, हेही तेव्हाच पाहावे. ५० किलोमीटरनंतर आसाचे नट, ब्रेकचे बोल्ट आणि मागच्या चाकाचे आरे पुन्हा घट्ट करावेत. सायकल विकायची किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तर सुरुवातीला काढून ठेवलेल्या छायाचित्रांवरून सर्व नोंदी मूळच्या आकड्यांवर परत न्याव्यात.