मुलांच्या शाळेच्या बँडसाठी पहिली फ्लूट घेताय? आधी हे वाचा

इकडे अमेरिकेत बऱ्याच शाळांमध्ये पाचवी-सहावीच्या आसपास बँड सुरू होतो, पोरगं एक फॉर्म घेऊन घरी येतं आणि त्यात फ्लूटवर टिक केलेली असते. मग रात्री आपण ऑनलाइन शोधायला बसतो, शंभर डॉलरच्या आसपास नवीकोरी चकचकीत फ्लूट दिसते, निळ्या-गुलाबी पण मिळतात, आणि वाटतं पहिलंच वर्ष आहे, आवड टिकली तर टिकली, घेऊन टाकू. प्लीज घेऊ नका.

कारण सांगते. फ्लूटच्या प्रत्येक कीखाली, म्हणजे बोटाने दाबायच्या झाकणाखाली, एक पातळ पॅड असतं, ते भोकावर सगळीकडून घट्ट बसावं लागतं. वरचं एक पॅड जरी केसभर उघडं राहिलं तरी त्याच्या खालचे सूर फुसके येतात किंवा येतच नाहीत. एकदम स्वस्तातल्या फ्लूटमध्ये धातू मऊ असतो, कीज जरा धक्का लागला की वाकतात, पार्ट मिळत नाहीत आणि कित्येक रिपेअरवाले हातच लावत नाहीत. पोराला यातलं काही कळत नाही, त्याला वाटतं मलाच जमत नाहीये. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, कारण दिवाळीपर्यंत ते मूल फ्लूट सोडून देतं आणि दोष मात्र त्या वाद्याचा असतो.

म्हणून पहिल्या वर्षी भाड्याने घ्या. बँडच्या सरांना किंवा मॅडमना विचारा की शाळेत कुठल्या दुकानाचा माणूस येतो, कारण फ्लूट बिघडली तर तोच शाळेतून घेऊन जातो, दुरुस्त करून परत आणतो. भाडं महिन्याला साधारण 20 ते 40 डॉलर पडतं. सही करायच्या आधी दोनच गोष्टी नीट विचारा, दुरुस्ती आणि हरवण्याचा इन्शुरन्स त्यात धरलाय का, आणि भरलेलं भाडं पुढे विकत घेताना किमतीतून वजा होतं का.

मॉडेल म्हणाल तर यामाहाची 222, नाहीतर गेमाइनहार्ट, ज्युपिटर, पर्ल यांच्या स्टुडंट फ्लूट, यातली कुठलीही चालते. कीज बंद तोंडाच्या हव्यात, म्हणजे मधे भोक नसलेल्या, कारण लहान बोटांनी ती भोकं झाकली जात नाहीत. डाव्या हाताची ‘जी’ (G) सुराची की जरा बाहेरच्या बाजूला सरकवलेली असावी, त्याला ऑफसेट म्हणतात. फूटजॉइंट, म्हणजे फ्लूटचा सगळ्यात खालचा तुकडा, सी (C) सुरापर्यंत जाणारा पुरे. सॉलिड सिल्व्हर, बी फूट वगैरे हायस्कूलमध्ये बघता येईल, आत्ता त्यात पैसे घालू नका.

दुकानात मुलाला घेऊनच जा. फ्लूट साधारण 67 सेंटीमीटर लांब असते आणि ती आडवी धरायची असते. मुलाने धरली की त्याच्याकडे बघा, मान उजवीकडे वाकडी होतेय का, खांदा वर चढतोय का, उजव्या करंगळीला खालच्या कीज गाठता येतात का. येत नसतील तर वळवलेला हेडजॉइंट, म्हणजे फुंकायचा वरचा तुकडा, मागा, तो यू आकाराचा असतो त्यामुळे हात जवळ येतात, मूल उंच झालं की सरळ लावायचा.

कोणाकडून सेकंडहँड घेत असाल तर फ्लूट वाजवणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या आणि वरपासून सर्वात खालच्या सी पर्यंत हळूहळू, बोटं हलकी ठेवून वाजवायला सांगा. बोटं दाबल्याशिवाय खालचे सूर येत नसतील तर पॅड लीक आहेत. सगळे पॅड बदलायचा खर्च कधीकधी त्या जुन्या फ्लूटच्या किमतीएवढा जातो. अजून एक, फ्लूटच्या पेटीत (केसमध्ये) जी साफ करायची काडी असते तिच्या टोकाजवळ एक रेघ असते, काडी हेडजॉइंटमध्ये आत टेकवली की ती रेघ फुंकायच्या भोकाच्या बरोब्बर मधोमध दिसायला हवी, म्हणजे काडीच्या टोकापासून 17 मिलिमीटरवर. नसेल तर आतला कॉर्क सरकलाय, फ्लूट सुरात लागणार नाही. हे दुकानात नीट करून मिळतं.

पुण्याहून आजोबांनी पाठवलेली बासरी चालेल का असं बरेच जण विचारतात. बँडमध्ये नाही चालत, बासरी एका पट्टीची असते आणि बँडमध्ये बी फ्लॅट, ई फ्लॅट हे सूर सुरुवातीलाच लागतात. पण बासरी शिकलेल्या मुलाला फुंकर लवकर सापडते, त्यामुळे तो क्लास बंद करू नका.

घरी आणल्यावर सुरुवातीला फक्त हेडजॉइंटच फुंकू द्या. जोडताना कीज धरून पिळायचं नाही, गुळगुळीत भागाला धरूनच फिरवायचं, वाजवून झालं की आतली ओल पुसायची, आणि गोड खाऊन किंवा ज्यूस पिऊन वाजवायचं नाही, पॅड चिकटतात. केसवर नाव लिहा आणि फ्लूटवर कोरलेल्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, बँड रूममध्ये सगळ्यांच्या काळ्या केस एकसारख्याच असतात.