झेंडूच्या रंगाआधीची तयारी

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतली तोरणं उतरतात आणि मी ती गोधडीचं कापड रंगवायला शेजाऱ्यांकडून मागून आणते. शिवाय ठाण्याच्या जांभळी नाक्यावर उरलेली फुलं स्वस्तात मिळतात. पण झेंडू घरात येण्याआधी चार-पाच दिवस कापडाची तयारी सुरू झालेली असली पाहिजे. ती केली नाही, तर गोधडीवरचा पिवळा पहिल्याच धुण्यात उतरतो.

आधी कापड. मांजरपाट किंवा मलमल, पण निव्वळ सुती. दुकानदार काहीही म्हणो, कडेचा एक धागा ओढून जाळून बघायचा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि भुरभुरीत राख झाली तर सूत. टोकाला कडक मणी धरला तर त्यात पॉलिएस्टर आहे, झेंडू त्यावर चढणार नाही. तुकडे आत्ताच कापू नका, कापड आटतं. टाक्यांसाठी सुती दोऱ्याची एक लडीही याच कापडासोबत ठेवायची, म्हणजे दोरा आणि कापड एकाच रंगाचं निघतं. मग कोरडं असतानाच सगळ्याचं वजन करून लिहून ठेवायचं, कारण पुढची मापं त्यावरच ठरतात. मी अर्धा किलो धरून सांगते.

आता खळ काढायची. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात भरपूर पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, थोडा साबण, आणि तासभर उकळी. पाणी चहासारखं पिवळट होतं. कोऱ्या दिसणाऱ्या कापडात एवढं मेण आणि खळ असते. स्वच्छ धुऊन वाळवलं की त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. लगेच जिरला तर झालं. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळायचं, इथे कंटाळा करायचा नाही. हे पातेलं रंगाचंच ठेवायचं, त्यात पुन्हा स्वयंपाक नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, रंग बदलतो.

पाणी तपासायचं हे मला उशिरा कळलं. एका वर्षी ऐन वेळी नळाला पाणी नव्हतं, म्हणून टँकरचं वापरलं आणि सगळं कापड मळकट राखाडी झालं. पाण्यात लोह असलं की पुढच्या टप्प्यात लावायच्या हिरड्याशी त्याची गाठ पडते आणि काळपट रंग धरतो. आता मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर हिरड्याचं पाणी घालते. निळसर-करडं झालं तर त्या दिवशी थांबते.

हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. रंग पक्का करणारी तुरटी सुती कापड नुसती धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, दोघांना जोडतं, म्हणून हा टप्पा गाळायचा नाही. शंभर ग्रॅम पूड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, कापड त्यात दोन तास ठेवायचं, पिळायचं आणि न धुता वाळवायचं. ते फिकट, सायीसारखं पिवळं होतं. दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, आणखी पाणी घालून त्यात कापड रात्रभर बुडवून ठेवायचं आणि सकाळी हलकंच खळबळायचं.

शेवाळी छटाही हवी असेल तर लोखंडाचं पाणी दहा-पंधरा दिवस आधी घालावं लागतं: गंजलेले खिळे, गूळ, पाणी. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू धरतो.

फुलांच्या दिवशी हिरवे देठ काढून नुसत्या पाकळ्या घ्यायच्या, कापडाच्या दुप्पट, म्हणजे ताज्या एक किलो. पाऊण तास उकळून गाळायच्या. ओलं कापड त्या रंगात सोडायचं, मंद आचेवर तासभर अधूनमधून हलवायचं आणि गॅस बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात धुवायचं. कपड्यांची पावडर नको, सोड्याने रंग पालटतो.

बाल्कनीत वाळत घालताना दोरीखाली जुनी चादर अंथरा, खालच्या घरच्या कपड्यांवर थेंब जाऊ नयेत. ऊन थेट लागणार नाही अशी जागा बघा. वाळल्यावर कोपऱ्यातली एक पट्टी कापून वहीत टाचून ठेवा, शेजारी कापडाचं वजन, हिरडा, तुरटी, पाकळ्या आणि पाणी कुठलं ते लिहा.